अप्पा, करियाची दाढ दुखत होती

अप्पा, एक बातमी आहे, पण ती आधी सांगणार नाही. आधी सांगितली की तुम्ही अर्धंच ऐकून "बरं झालं की" म्हणता आणि चपला घालून दुकानाकडं निघता. सोळा वर्षं तुमची सून म्हणून या घरात काढली आहेत, तुमच्या सगळ्या खोडी मला पाठ आहेत. आज पहिल्यापासून ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. तेवढा एक फायदा मी आता घेणार आहे.

तुम्ही जाऊन आज बाविसावा दिवस. पेपरात द्यायला चार ओळी लिहून दे, असं महेश म्हणाला होता. तुमच्या मुलाला वाटतं, बायको दवाखान्यात कामाला आहे म्हणजे तिला लिहितासुद्धा येतं. मी बसले, "भवानी पेठेतले टॉवेल-चादरीचे जुने व्यापारी, मनमिळाऊ स्वभावाचे" एवढं लिहिलं आणि कागद चुरगाळून टाकला. मनमिळाऊ! तुम्ही! त्यापेक्षा तुम्हालाच लिहिते. गेल्या पंधरवड्यात जे घडलंय ते ऐकून तुमच्याइतकं उडणारं दुसरं माणूस या घरात नाही, आणि मला तर ते कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय.

सगळं करियाचं आहे. तुमच्या त्या काळ्या लाडक्याचं. तेरा वर्षांचा घोडा झाला, तरी गिऱ्हाईक आलं की तुम्ही सांगायचात, "मुधोळच्या राजाच्या शिकारी कुत्र्याचं रगत हाय ह्याच्यात." त्याची आई मागच्या बोळातल्या मागाच्या कारखान्यात, सुताच्या गाठोड्यावर व्याली होती, हे आख्ख्या पेठेला ठाऊक. पण तुमच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

तर तुम्ही गेलात त्या सकाळपासून करियानं खाणं सोडलं. पाहुणे यायला लागले. माझ्या माहेराहून, मंद्रूपहून, कडक भाकरीची चळत आणि शेंगाचटणीचा डबा आला, अक्कलकोटच्या आत्यांनी, तुमच्या बहिणीनं, आणखी एक चळत आणली. आपल्याकडं मयताच्या घरी हेच येतं, कारण महिनाभर टिकतं, चूल पेटो न पेटो, माणसं उपाशी राहत नाहीत. ज्याच्या त्याच्या हातात भाकरी, आणि जो तो एक तुकडा करियापुढं टाकतोय. करिया उठायचा, वास घ्यायचा, तुकडा तोंडात धरायचा. जरा वेळ तसाच उभा राहायचा. मग मान वाकडी करून तो खाली सोडायचा आणि लांब जाऊन बसायचा.

"बगा," शेजारच्या गौराक्का म्हणाल्या, "तोंडात घेतोय आन् टाकतोय. मालकाच्या हातचं पायजे त्येला. मुकं जनावर, पर काय इमान हाय!"

झालं. एकीकडून दुसरीकडं गोष्ट गेली आणि तिसऱ्या दिवसापासून लोक तुम्हाला भेटायला कमी आणि करियाला बघायला जास्त यायला लागले. रागावू नका, खरं आहे ते. मोबाइलवर फोटो काढले त्याचे. महेशचे मित्र गाडी करून आले. कुणी हात जोडले. अकराव्या दिवशी, तुमच्या शिवगणाराधनेच्या जेवणावळीला तर आत्यांनी त्याच्यापुढं तूप लावलेली पुरणाची पोळी ठेवली. ती त्यानं कडेनं चाटली, एक घास ओढला आणि तोही टाकला. आत्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "अण्णाच्या मागं जानार ह्यो," म्हणाल्या आणि त्याच्या कपाळाला विभूती लावायला वाकल्या.

मी काय करत होते विचारा. मी अभिमानानं बघत होते, अप्पा! त्याआधी दवाखान्यात जाऊन, आलेल्या पेशंटांना सांगत होते की आमच्या सासऱ्यांच्या कुत्र्यानं अन्नपाणी सोडलंय. पंधरा वर्षं मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी उभी राहते. माणूस दारातून आत आला आणि "नमस्कार" म्हणाला की मला वासावरून कळतं, कुणाच्या हिरड्या गेल्यात आणि कुणाची दाढ मुळापाशी पिकलीय. आणि माझ्या घरात, माझ्या पायाशी, जनावर उपासमारीनं मरत होतं. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो.

विभूतीनं वाचवलं त्याला. आत्यांचं बोट कपाळावरून जरा खाली घसरलं, डाव्या डोळ्याच्या खाली लागलं, आणि करिया असा झटक्यात मागं सरला, आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी गुरगुरला. सगळे हादरले. आत्या म्हणाल्या, दुःखानं डोकं फिरलंय त्याचं. मला मात्र विभूतीच्या पांढऱ्या पट्ट्याखाली काहीतरी वेगळं दिसलं. डावा गाल सुजला होता. डोळ्याच्या अगदी खाली, बोरासारखी गाठ. मी खाली बसले. तोंडाजवळ गेले. तोच वास, अप्पा. रोज सकाळी दहा ते दुपारी दोन मी ज्या वासात काम करते, तोच.

मी तिथंच ओरडले, "अहो, ह्याची दाढ पिकलीय!"

जेवणावळीतल्या सगळ्या माना वळल्या. मग गौराक्का म्हणाल्या, "जयव्वा, तुज्या दवाखान्याचं खूळ आजच्या दिशी तरी घरी आनू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात घालून मी आणि महेशनं त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तरुण पोर आहे, अक्कलकोटकडची, निम्मं कानडी बोलते. आपल्या करियाला मराठी कुठं कळतं, तुम्ही त्याला सगळं कानडीतून शिकवलेलं. तिनं टेबलावर त्याची मान खाजवली आणि "बायी तेगी, करिया, बायी तेगी" म्हणाली, म्हणजे तोंड उघड, आणि तुमच्या त्या राजवंशीयानं माझ्याकडं एकदा बघून चक्क ओठ वर करू दिला. अप्पा, आत बघितलं मी. पिवळे नाहीत, तपकिरी दात. आपल्या बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून जो क्षार धरतो, तसा थर. हिरड्या लालभडक, सुळ्याशेजारी पू. आणि वरची डावी मोठी दाढ, जिनं कुत्रं चावतं ती, उभी चिरलेली.

"उपवास न्हाय हा, ताई," ती म्हणाली. "भूक आहे ह्याला. खाता येत नाही. घास पुढ्यातून उचलतोय म्हणजे भूक आहेच की. लोकं हितंच फसतात."

मग ती एकेक विचारत गेली आणि मी एकेक उत्तर देत गेले. एका बाजूनं चावायचा का? हो, मान वाकडी करून, उजवीकडं. तोंडातून घास पडायचा का? हो. पंजानं गाल घासायचा? हो, गोणपाटावर घासायचा, आम्हाला वाटायचं लाडात आलाय. लाळेत रक्त? अंथरायच्या टॉवेलावर तांबडे डाग असायचे, मी ते पान-सुपारीचे समजून तुमच्यावर चिडायचे. दोन वर्षांत हळूहळू गप्प झाला का, खेळणं सोडलं का? हो, हो, आम्ही म्हणायचो म्हातारा झाला. "तेच," ती म्हणाली. "म्हातारपण म्हणून सोडून देतात आणि निम्म्यांचं खरं दुखणं तोंडात असतं. कुत्रं रडत नाही ना. दाढ ठणकत असली तरी शेपूट हलवतंय." प्रत्येक 'हो'ला मला वाटत होतं, कुणीतरी माझी कामावरची पंधरा वर्षं माझ्याच तोंडावर फेकून मारतंय.

दाढ चिरली कशानं, असं तिनं विचारलं. आता तुमची पाळी. आठवतं का, मागावरचे जुने लाकडी धोटे, टोकाला लोखंड लावलेले, तुम्ही कारखान्यातून मागून आणायचात आणि करियाला चघळायला द्यायचात? "बग कसं फोडतोय!" असं सगळ्यांना बोलावून दाखवायचात. नखानं दाबून खाच पडत नाही असलं काहीही कुत्र्याच्या दाताला द्यायचं नसतं म्हणे. म्हणजे त्या दाढेचा निम्मा दोष तुमचा. हे तुमच्या नावावर घालते आणि पुढं जाते.

कारण उरलेला दोष माझा आहे, आणि तो सांगायला मला जरा दम घ्यावा लागतोय.

दीड वर्षापूर्वीची ती सकाळ. करिया स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसला होता. मी म्हणाले, "अप्पा, ह्याचं तोंड फार घाण मारतंय. डॉक्टरला दाखवा की." तुम्ही म्हणालात, "कुत्र्याच्या तोंडाला काय अत्तराचा वास यील व्हय?" मी म्हणाले, दात साफ करून घेऊ, भूल देऊन करतात. भूल हा शब्द ऐकला मात्र, तुमचा चेहरा बदलला. "बेड," म्हणालात. नको. "तुजी सासू चालत आत गेली हुती. हसत. साधं पित्ताच्या खड्याचं आप्रेशन. परत न्हाय आली. माज्या करियाला कुनी सुई लावायची न्हाय." मी सासूबाईंना, अव्वांना, पाहिलंही नव्हतं. मला तेव्हा थांबायला हवं होतं. मी काय बोलले? "मग त्याला दाराबाहेर ठेवा. मला स्वयंपाकात वास चालत नाही."

दुपारी जेवायची वेळ झाली तेव्हा तुम्ही आपलं ताट उचललंत आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन करियाजवळ बसलात. त्या दिवसापासून शेवटपर्यंत कधी आत येऊन जेवला नाहीत. ऊन असो, वारा असो. मी समजले, म्हातारा रुसलाय, रुसू दे. एकदाही "अप्पा, आत या" म्हणाले नाही. रोज मनात यायचं. रोज म्हणायचे, आधी त्यांनी बोलावं. तुम्ही तिथं बसून कडक भाकरी आमटीत बुडवायचात, पार लगदा करायचात, अर्धा तुम्ही खायचात आणि अर्धा त्याला द्यायचात. मला वाटायचं, तुमची कवळी तुम्ही घालत नाही म्हणून तुम्हाला मऊ लागतं आणि तुमचं बघून कुत्र्यालाही लाडावलंय. माझ्याच डॉक्टरांकडून ती कवळी मी करून घेतली होती, तुम्ही एक दिवस घातलीत आणि "जिभेला जागा न्हाय" म्हणून काढून ठेवलीत. त्यावरून किती भांडलो आपण!

असो. डॉक्टरीणबाईंनी आधी जंतू मारायचं औषध आणि दुखणं थांबायचं औषध सुरू केलं. महेशनं खिशातून स्वतःची कंबरदुखीची गोळी काढून "हीच अर्धी दिली तर?" विचारलं, तेव्हा ती जवळजवळ किंचाळली. माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला विष होऊ शकते. महेशनं गोळी अशी लपवली, जणू चोरीची होती. घरी येऊन मी भाकरी कोमट दुधात कालवली, अगदी पातळ, आणि ताटली त्याच्यापुढं धरली. थोडी चाटली त्यानं, अप्पा. चार-पाच वेळा जीभ फिरवली. मी महेशला हाका मारून मारून बोलावलं.

पण ते तेवढंच. औषधानं सूज उतरेल, बाई म्हणाली होती, पण दाढ आत आहे तोवर पू परत होणार आणि हा परत खाणं सोडणार. तेवढी ताकद आता त्याच्यात नाही. दाढ काढायची, बाकीचे दात हिरडीखालून साफ करायचे, हलणारे काढायचे, आणि त्याला भूल द्यावीच लागते. जागेपणी वरवर खरवडून दात पांढरे दिसतात, रोग खाली तसाच राहतो. तिनं तिथंच रक्त तपासलं होतं, किडनी आणि लिव्हर बघितलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "तेरा वर्षांचा हाय म्हणून जपून भूल द्यायची," ती म्हणाली. "तेरा वर्षांचा हाय म्हणून द्यायचीच न्हाय, असं नसतं. वय म्हणजे रोग न्हाय."

महेश तिथंच म्हणाला होता, "नको."

घरी आल्यावर म्हणाला, "अव्वाला आत नेलं तवा पन असंच म्हनले हुते. काळजी करू नका. मी दहा वर्षांचा हुतो, जये. अप्पांचं बोट धरून उभा हुतो भायेर." गौराक्का होत्याच. "जाऊ दे की त्येला अप्पाच्या मागं सुखानं," म्हणाल्या, "सोन्यासारखं मरान यीतंय, त्येला कशाला फाडताव?" अप्पा, मला इतका राग आला! सोन्यासारखं मरण म्हणे. दाढेच्या ठणक्यानं उपाशी मरायचं, ते सोन्यासारखं? पण महेशच्या तोंडाकडं बघितलं. तुमचा हट्ट मी मोडला असता. त्याची भीती कशी मोडायची?

त्या दुपारी मी तुमचं कपाट आवरायला घेतलं. कपड्यांच्या मागं तो निळा प्लॅस्टिकचा डबा सापडला, आमच्या दवाखान्यातून कवळी ठेवायला देतात तो. म्हटलं, कवळी तरी धुऊन ठेवावी. उघडला तर आत कवळी नाही. लवंगा. मूठभर लवंगा, कापसाचे बोळे, आणि टॉवेलाचा एक तुकडा. तुकड्यावर तपकिरी डाग आणि काळे केस.

माझ्या लवंगा! सहा महिने डब्यातून लवंगा गायब होत होत्या आणि मी तुमच्याशी भांडले होते की हिरड्या दुखतात तर लवंगा काय चघळता, दवाखान्यात चला. तुम्ही नुसतं "व्हय व्हय" म्हणायचात. त्या तुमच्या हिरड्यांना नव्हत्याच. तुम्ही लवंगेच्या पाण्यात बोळा बुडवून त्याच्या दाढेला लावत होतात. तुम्हाला ठाऊक होतं. कोणती बाजू, कोणता दात, सगळं. म्हणून भाकरीचा लगदा. म्हणून उजव्या हातानं उजव्या गालात घास. तुम्ही दीड वर्ष त्या कट्ट्यावर बसून एकट्यानं त्याचा दवाखाना चालवत होतात, आणि आम्हाला वाटत होतं म्हातारा रुसलाय. (लवंगेचं मी बाईंना सांगितलं. कपाळाला हात लावला तिनं. असले घरगुती प्रयोग कुत्र्यावर करायचे नसतात म्हणाली, आणि रोग त्यानं जातही नाही. मग म्हणाली, "पण माणूस मोठा होता हं.")

मला किती बोलायचंय तुमच्याशी यावर! एकदा सांगायचं होतं ना. "जयव्वा, ह्याची दाढ दुखतीय, पन मला भ्या वाटतंय." एवढंच. मी उभी राहिले असते तुमच्या बाजूला. का मी एवढीही ओळखीची झाले नव्हते सोळा वर्षांत? आणि मग आठवतं, दाराबाहेर ठेवा कोण म्हणालं होतं.

डबा मी महेशसमोर ठेवला. तो तुकडा त्यानं हातात घेतला, उलटासुलटा केला. मग म्हणाला, "अप्पांनी दीड वर्ष रोज इचार केला आसंल, न्यावं का न न्यावं. आन् रोज भ्याले आसतील." तुकडा परत डब्यात ठेवला आणि म्हणाला, "उद्या घिऊन जाऊ. मी येतो."

आता ऐका. आता मजा आहे.

बाईंनी मला आत थांबू दिलं, मी दाताच्या कामातली म्हणून. पायाला सलाईन, घशात श्वासाची नळी, अंगाखाली गरम पिशवी, एक मुलगी सतत त्याचा श्वास आणि ठोके बघतेय. आणि मग ते यंत्र सुरू झालं, तोच किर्रर्र आवाज, तोच पाण्याचा फवारा, मी रोज ऐकते तो! मला इतका धीर आला त्या आवाजानं की विचारू नका. क्षाराचे तुकडे निघत होते, एक तर अख्खा, दाताच्या आकाराचा. खालून पांढरा दात! तेरा वर्षांच्या कुत्र्याचा! मी ओरडलेच, "बाई, पांढरा!" ती मास्कमधून हसली. एक्स-रेत डाव्या दाढेच्या मुळाशी काळी पोकळी दिसली, तिथंच सगळा पू. ती दाढ तिनं तुकडे करून, एकेक मूळ सोडवत काढली. एकूण सात दात निघाले. मी प्रत्येक दात बशीत ठेवताना मनात तुम्हाला सांगत होते, हा बघा, हा त्याला छळत होता.

महेश बाहेर होता. आत आला नाही, बसलाही नाही. दारापाशी, भिंतीला पाठ लावून उभा. मी दर थोड्या वेळानं बाहेर जाऊन सांगायचे, श्वास चांगला आहे, ठोके चांगले आहेत. तो मान हलवायचा आणि माझ्याकडं न बघता दाराकडं बघायचा. टाके घालून झाले, भूल बंद केली. आणि करिया उठेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाई शांत होती, म्हातारं जनावर आहे, वेळ लागतो. मी त्याच्या छातीवर हात ठेवून उभी. तेवढ्यात दार ढकलून महेश आत आला. कुणी बोलावलं नव्हतं. टेबलापाशी गुडघ्यावर बसला, करियाच्या कानाशी तोंड नेलं आणि, अप्पा, अगदी तुमच्या आवाजात म्हणाला, "बा करिया. बा." ये, करिया, ये.

कान हलला! आधी नुसता कान. मग डोळा, अर्धा. मग नळीवर खोकला, बाईनं झटकन नळी काढली, आणि त्यानं मान उचलली, झिंगलेल्या माणसासारखी, आणि परत टेकवली महेशच्या हातावर. महेश हसत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होता, मोठ्यानं, बाहेर बसलेल्या लोकांना ऐकू जाईल इतकं. "आला," म्हणाला. "जये, आला बग परत."

ही बातमी, अप्पा. करिया परत आला. भूल दिलेला परत आला. तुमच्या घरातला एकजण आत गेला आणि बाहेर आला!

तीन दिवस पेज, मग मऊ भात, मग आमटीतली भाकरी. आणि आता? आता ताटली धुवायची गरज राहत नाही. सात दात गेले त्याचं त्याला काही नाही, बाई म्हणते दुखणाऱ्या दातापेक्षा नसलेला दात बरा, आणि कुत्र्याला तर गिळायचंच असतं. टाके भरले की मी त्याचे दात घासणार आहे, कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते, आपली चालत नाही. हसू नका. काल तो टॉवेलाचा बोळा तोंडात धरून महेशच्या मागं पळाला. पळाला! दोन वर्षांनी!

गौराक्कांनी त्याला कट्ट्यावर भात खाताना बघितलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. "आँ! खातोय की ह्यो. म्हंजी इसरला म्हना मालकाला." मी पदर खोचला. म्हणाले, "अक्का, विसरला नाही. दाढ दुखत होती त्याची. तुमची दुखली की तुम्ही नाही का गाल धरून बसत? तेव्हा काय यजमानांसाठी उपास असतो?" पेठेत हे आता माझ्या नावावर गाजतंय. गाजू दे.

आता शेवटचं. हे आज सकाळचं आहे.

आज करिया पोटभर जेवला, पाणी प्याला, अंग झटकलं आणि तुम्हाला शोधायला लागला. इतके दिवस तुम्हाला शोधत कुठं गेला नव्हता, बहुतेक वेळ एका जागी पडून असायचा. आज आधी न्हाणीच्या दाराशी गेला. मग तुमच्या कॉटखाली. मग दुकानात जाऊन चादरींच्या थप्प्यांमागं नाक घालून आला. प्रत्येक ठिकाणी जरा थांबायचा, कान टवकारायचा, आणि पुढं जायचा. मी त्याच्या मागं मागं. सगळं घर झालं तेव्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला. दुखण्यापुढं त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं, अप्पा. ते थांबलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की तुम्ही घरात नाही.

मला तरी कुठं सुचलं होतं? पाहुणे, जेवणावळी, रिक्षा, औषधाच्या वेळा, भूल द्यायची की नाही. मी खाली बसले. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्यानं धरू दिलं. आणि मग मला जे रडू फुटलं ते माझ्यानं आवरेना, इतकं मोठ्यानं की गौराक्का हातातलं तसंच टाकून धावत आल्या.

"काय झालं गं? करिया गेला व्हय?"

"नाही अक्का," मी म्हणाले, "अप्पा गेले."